मलिक अंबर : प्रस्तावनेतच संपणारे चरित्र

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात, भोवतीच्या रहदारीत भडकल दरवाजा उभा आहे. शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे माणसांचा पूर लोटतो. पुतळा कोणाचा, हे शहरातले शाळकरी पोरही सांगेल. दरवाजा कोणी बांधला, असे विचारले तर थोडे थांबून का होईना, ‘मलिक अंबर’ हे नाव येते. अडचण त्यानंतरची आहे. नाव येते, पण त्यापुढचे वाक्य येत नाही.

या लेखाचा विषय ते न येणारे वाक्य आहे.

मराठीत मलिक अंबरविषयी दोन वाक्ये सर्वांना ठाऊक असतात. तो गनिमी काव्याचा जनक होता, हे एक. त्याने खडकी वसवली आणि तिथे नहर आणली, हे दुसरे. पहिले वाक्य शिवचरित्राच्या सुरुवातीला येते, दुसरे पर्यटनाच्या माहितीपत्रकात. दोन्हींत तथ्य आहे. पण पहिल्या वाक्यातला अंबर कोणाच्या तरी येण्याची तयारी करतो आणि दुसऱ्यातला अंबर एका वास्तूची पाटी होऊन राहतो. अर्धशतक दख्खनमध्ये वावरलेला, पंचवीस वर्षे मोगलांना अडवून धरलेला माणूस या दोन वाक्यांच्या फटीतून निसटून गेला आहे. तो का निसटला आणि त्याला पुन्हा वाचायचे तर कोणत्या साधनांतून, असा हा शोध आहे.

शत्रूंच्या शाईतून

चरित्राचा सांगाडा थोडक्यात असा. जन्म १५४८ च्या सुमाराचा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, बगदाद असे हात बदलत दख्खनमध्ये पोहोचला. ‘अंबर’ हे नाव बगदादच्या मालकाने दिलेले. इथे त्याला विकत घेतले अहमदनगरच्या निजामशाहीतल्या चंगीझखान या वजिराने. हा वजीरही एकेकाळचा हबशी गुलाम होता. मालकाच्या मृत्यूनंतर मुक्तता, काही काळ विजापूरकरांची चाकरी, मग पुन्हा निजामशाही. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाही संपली असे सर्वांना वाटले. तेव्हा या पन्नाशीतल्या सरदाराने राजघराण्यातला एक वारस शोधला, परांड्यास त्याला मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. राजू दखनी हा प्रतिस्पर्धी त्याने १६०७ पर्यंत मोडून काढला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि तिथून दौलताबादला आली. १६१० मध्ये दौलताबादजवळ खडकी वसली. १६२६ च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात, तो वारला आणि खुलदाबादेत त्याला दफन करण्यात आले.

या आयुष्याची साधने मात्र जवळपास सगळी परक्यांची आहेत. अंबरने आत्मवृत्त लिहिले नाही, पदरी तवारीखकार ठेवून स्वतःची गाथा लिहवून घेतली असेही दिसत नाही. त्याच्याशी दीर्घकाळ झुंजलेला मोगल सेनापती म्हणजे खानखानान अब्दुर्रहीम. हिंदी दोह्यांचा कवी रहीम तो हाच. रहीम आजही शाळेच्या पुस्तकातून स्वतःच्या शब्दांत बोलतो. अंबरचे एकही वाक्य आपल्या तोंडी नाही. चरित्रलेखनाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. ज्याचे शब्द उरतात त्याला वारस मिळतात, ज्याचे उरत नाहीत त्याच्यासाठी इतरच बोलतात.

या इतरांमध्ये सर्वांत मोठा आवाज जहांगीर बादशहाचा. त्याच्या आठवणींच्या ग्रंथात अंबरचा उल्लेख वारंवार येतो आणि बहुतेक वेळा एखादी शिवी सोबत घेऊनच येतो; कधी नशिबावरून, कधी रंगावरून. शिव्या वाचताना एक गोष्ट लक्षात येते. एवढा मोठा बादशहा एका बुडालेल्या राज्याच्या वजिराला सुखासुखी एवढा वेळ देणार नाही. ग्रंथात ज्याला कस्पटासमान लेखायचे आहे, तोच पुन:पुन्हा पानावर येतो. शिवी ही इथे नाइलाजाने दिलेली पावती आहे.

त्याच काळातले, साधारण १६१६ चे, अबुल हसनने काढलेले एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. त्याने धनुष्य ताणले आहे आणि समोर भाल्यावर रोवलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडला आहे. मुंडक्यावर घुबड बसलेले आहे. चित्र अप्रतिम आहे आणि त्यातला प्रसंग सपशेल खोटा आहे. जहांगीर आणि अंबर कधी रणांगणात समोरासमोर आले नाहीत. अंबरचे मुंडके कोणाच्या हाती लागले नाही. तो वयोमानाने गेला आणि जहांगीर त्यानंतर जेमतेम दीड वर्ष जगला. पण चित्रासोबत दुसरी तारीखही वाचली पाहिजे. १६१६ च्या सुरुवातीला जालन्याजवळ रोशनगावच्या लढाईत रहीमच्या मुलाने, शाहनवाजखानाने, अंबरचा पराभव केला आणि मोगली फौजेने खडकी उद्ध्वस्त केली. बादशहाच्या हाती माणूस लागला नाही, गाव लागले. दरबारी चित्रकाराने कागदावर मुंडके उडवले, तेव्हा इकडे सहा वर्षांची नवी वस्ती जळून गेली होती. चित्र जगातल्या कलाग्रंथांत छापले जाते, वस्तीची कोणी नोंद घेत नाही.

युरोपीय प्रवाशांची साधने याहून थंड डोक्याची आहेत. पीटर व्हान डेन ब्रोके हा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला भेटला. त्याने केलेले वर्णन एखाद्या रोमन पुतळ्यासारख्या कठोर चेहऱ्याचे आहे. डोळे मात्र त्या चेहऱ्याला शोभत नाहीत, असेही तो नोंदवतो. मोखाच्या बाजारात हा माणूस किती गिल्डरांना विकला गेला, हा आकडाही त्याने लिहून ठेवला आहे. व्यापाऱ्याची नजर ती. किंमत आधी दिसणार. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच त्याचे नाव देताना ‘अंबर’ला ‘चापू’ची मोडकीतोडकी शेपटी जोडतो. गुलामगिरीने पुसलेले जन्मनाव अशा रीतीने एका परक्याच्या चुकीच्या उच्चारात टिकून राहिले आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत उदार वाटणारे साधन आपल्या घरातले आहे. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे शिवाजी महाराजांच्या हयातीत रचले गेलेले संस्कृत काव्य. त्यात शहाजीराजांच्या पराक्रमाच्या ओघात १६२४ च्या भातवडीच्या लढाईचे सविस्तर वर्णन आहे आणि अंबरचा उल्लेख तिथे आदराने, त्याच्या तेजाची जाण ठेवून येतो. छत्रपतींच्या आश्रयाने लिहिणाऱ्या कवीला, छत्रपतींच्या वडिलांच्या धन्याचा गौरव करताना संकोच वाटला नाही. हा संकोच पुढच्या काळातला आहे.

प्रस्तावनेची प्रस्तावना

आधुनिक मराठी इतिहासलेखनाला एक मध्यबिंदू आहे आणि तो असणे स्वाभाविकही आहे. सतराव्या शतकातली प्रत्येक व्यक्ती शिवाजी महाराजांच्या आधीची, नंतरची, बाजूची किंवा विरुद्ध अशी मोजली गेली. या मोजणीत शहाजीराजेसुद्धा दीर्घकाळ केवळ प्रस्तावना होते. १९२२ मध्ये वि. का. राजवाड्यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ला लांबलचक प्रस्तावना लिहून आणि पुढे वा. सी. बेंद्र्यांनी कागदपत्रांचे डोंगर उपसून शहाजीराजांना स्वतंत्र चरित्र मिळवून दिले. हे मोठे काम होते. पण त्यातून अंबरची जागा एक पायरी खालीच सरकली. शहाजी ही शिवचरित्राची प्रस्तावना, तर अंबर ही शहाजीचरित्राची प्रस्तावना. प्रस्तावनेची प्रस्तावना कोण वाचतो?

‘गनिमी काव्याचा जनक’ ही पदवी याच गणितातून आली. वरकरणी ती गौरवाची आहे. नीट पाहिले तर ती दोघांवरही अन्याय करते. शिवाजी महाराजांची युद्धपद्धती गडांच्या साखळीवर, आरमारावर आणि स्वराज्याच्या स्वतंत्र महसुलावर उभी होती. ती कोणाची नुसती नक्कल नव्हती. आणि अंबरची पद्धतही एका माणसाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. फारसी साधने या लढाईला ‘बर्गीगिरी’ म्हणतात. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर, आणि दख्खनी फौजांतले हे घोडेस्वार प्रामुख्याने मराठे. शत्रूची रसद तोडणे, मोठी गाठ टाळणे, चालत्या फौजेला दोन्ही बाजूंनी ओरबाडणे हे डोंगराळ मुलखात राहणाऱ्या स्वारांचे अंगवळणी पडलेले कसब होते. अंबरने त्या कसबाला शिस्त, पगार आणि राजकीय हेतू दिला. फिंचच्या ऐकीव हिशेबाप्रमाणे त्याच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी होते. आकडे काटेकोर मानायचे कारण नाही, प्रमाण मात्र बोलके आहे. म्हणजे गुरू-शिष्य अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही. अंबर मराठ्यांकडून शिकला आणि मराठे अंबरच्या हाताखाली शिकले, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. जनकत्वाची भाषा आली की हे देणेघेणे दिसेनासे होते.

खरा धागा शोधायचा तर तो दुसरीकडे सापडतो. अंबरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६३३ मध्ये, त्याचा मुलगा फतेहखान याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केला. निजामशाही पुन्हा एकदा संपली. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा पेमगिरीवर गादीवर बसवला आणि त्याच्या नावाने १६३६ च्या माहुलीच्या तहापर्यंत झुंज दिली. परांड्याचा डाव पेमगिरीवर पुन्हा मांडला गेला. गादी जुनी, पण कर्तृत्व ज्याच्या मनगटात त्याचे, हा अंबरचा धडा त्याच्या मुलाने घेतला नाही. ज्या सरदाराचे आणि त्याचे अखेरच्या काळात पटले नाही, त्या सरदाराने घेतला. वारसा रक्ताच्या वाटेने जातोच असे नाही, याचे यापेक्षा नेमके उदाहरण त्या शतकात क्वचितच सापडेल.

गुलाम ते राज्यकर्ता

अंबरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले ते बहुतेक इंग्रजीत. जोगेंद्रनाथ चौधुरींचे १९३३ चे पुस्तक, राधेश्याम यांचे १९६८ चे आणि बी. जी. तामसकरांचे १९७८ चे. पहिल्या दोघांनी राजकीय घटनाक्रम लावून दिला. तामसकरांचे मोल असे की त्यांनी लढायांच्या पलीकडे जाऊन कारभार, महसूल आणि बांधकाम यांच्याकडेही लक्ष दिले. आडनाव मराठी, विषय मराठवाड्याचा आणि पुस्तक इंग्रजी, ही परिस्थितीही बरेच काही सांगते.

२००५ मध्ये रिचर्ड ईटन यांनी दख्खनचा सामाजिक इतिहास आठ चरित्रांतून सांगितला. त्या आठांत तुकोबा आहेत, ताराबाई आहेत आणि अंबरही आहे. ईटन यांचा महत्त्वाचा मुद्दा गुलामगिरीच्या स्वरूपाविषयी आहे. दख्खनच्या दरबारांना परदेशी, नातलग नसलेला, पूर्णपणे मालकावर अवलंबून असलेला सैनिक हवा होता, कारण स्थानिक सरदारांचे आपसातले तंटे न संपणारे होते. मालक गेला की हाच गुलाम मुक्त होई, स्वतःची तुकडी बांधी, इथेच लग्न करी आणि एक-दोन पिढ्यांत दख्खनी होऊन जाई. या चौकटीत अंबर अपवाद राहत नाही, एका व्यवस्थेचे टोक म्हणून समजू लागतो. २०१६ चे ओमर अली यांचे पुस्तक त्याला हिंदी महासागराच्या व्यापारात आणि आफ्रिकी स्थलांतराच्या कथेत ठेवते.

या नव्या लेखनाने अंबरला जगाच्या नकाशावर आणले याबद्दल ऋण मानावे. पण त्याचा एक धोकाही आहे. ‘गुलाम ते राज्यकर्ता’ हे कथासूत्र इतके देखणे आहे की ते बाकीच्या गोष्टी गिळून टाकते. व्हान डेन ब्रोके एक प्रसंग सांगतो. मुर्तझा निजामशाहाच्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. मुलीने बापाला सांगितले. काही दिवसांत राजा आणि राणी विषप्रयोगाने मेले आणि पाच वर्षांचा मुलगा गादीवर आला. ज्याला स्वतःला बाजारात उभे केले गेले होते, त्याने अपमानाचे उत्तर असे दिले. त्याच्या पदरी हबशी गुलामांची फौज होती, म्हणजे ज्या व्यापाराने त्याला विकले त्याचाच तो पुढे मोठा गिऱ्हाईक झाला. चरित्रकाराने हे लपवू नये आणि त्यावर निकालपत्रही लिहू नये. सतराव्या शतकातल्या सत्तेचे नियम त्याने बदलले नाहीत. त्या नियमांनुसार तो कमालीचा निष्णात खेळला. मुक्तिदाता म्हणून त्याला डोक्यावर घेणारा वाचक आणि परका म्हणून त्याला ओलांडून जाणारा वाचक, दोघेही त्याचे वाचन अर्ध्यावर सोडतात.

एक शब्द : मलिकंबरी

स्वतःचे शब्द न ठेवलेल्या माणसाच्या नावाचा मात्र एक शब्द झाला. जुन्या मराठी महसुली व्यवहारात ‘मलिकंबरी धारा’ असा प्रयोग येतो. गावाच्या जमिनीची प्रत आणि पीक पाहून सरकारचा हिस्सा ठरवणे आणि पुढे तो रोखीत बांधून देणे, असे त्या पद्धतीचे स्वरूप. वसुलीचा मक्ता देऊन मोकळे होण्याच्या रिवाजाला त्याने आळा घातला आणि गावकारभाराची जबाबदारी पाटील-कुलकर्ण्यांच्या जुन्या चौकटीतच राहू दिली. १८२६ मध्ये ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तेव्हा त्याने अंबरच्या या व्यवस्थेची आवर्जून प्रशंसा केली.

इथे दोन गोष्टी सावधपणे म्हणाव्या लागतात. ग्रँट डफसारख्या अधिकाऱ्यांना नव्याने जिंकलेल्या मुलखात महसूल बसवायचा होता आणि त्यासाठी जुना, नामांकित आधार हवा होता. त्यांच्या कौतुकात त्यांची गरजही मिसळलेली आहे. शिवाय अनेक पिढ्यांच्या फेरफारांनंतर ‘मलिकंबरी’ म्हणून जे सांगितले जाई, त्यात मूळचे किती आणि मागाहूनचे किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. पण नेमकी हीच बाब मला मोलाची वाटते. लोक एखादी पद्धत वापरत राहतात, तिच्यात बदल करतात आणि तरीही तिला पहिल्या माणसाचेच नाव लावतात. हा स्मारकापेक्षा वेगळ्या जातीचा गौरव आहे. तो कोणी ठराव करून दिलेला नसतो. राज्य बुडाले, घराणे संपले, भाषा-धर्म निराळे असलेले राज्यकर्ते आले, तरी शेतकऱ्याच्या आणि कुलकर्ण्याच्या तोंडी ते नाव चालू राहिले. कारण ते सोयीचे होते.

जमिनीखालचे पाणी

दुसरा असा वारसा खडकीच्या पोटात आहे. शहराच्या उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी गोळा करायचे, भुयारी मार्गाने हलक्या उतारावरून शहरात आणायचे, वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवून हवा खेळती ठेवायची आणि गाळ काढायची सोय करायची, पुढे खापरी नळांतून आणि दगडी मनोऱ्यांतून ते मोहल्ल्यांत वाटायचे, अशी ही नहर-ए-अंबरी. ना उपसा, ना यंत्र. सारा भरवसा जमिनीच्या उतारावर. पुढच्या काळात शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर वेगळी आणि नंतरची आहे, पण कौतुकाच्या भरात सगळ्याच अंबरच्या नावावर मांडल्या जातात.

हे शास्त्र अंबरने शोधले, असेही सांगितले जाते. त्याची गरज नाही. भुयारी पाण्याची विद्या इराणची, जुनी. बिदर आणि विजापूरने ती वापरली होती आणि निजामशाहीच्या राजधानीला, अहमदनगरला, भोवतालच्या गावांतून खापरी नळांनी पाणी येतच होते. अंबरचे आयुष्य त्या शहरात गेले होते. त्याने ती विद्या उचलली आणि जिथे मोठी नदी नाही अशा खडकाळ माळावर तिच्या भरवशावर शहर वसवण्याची हिंमत केली. खडकी हे नावच काय ते सांगते. परंपरा असे सांगते की नव्या शहरातल्या काही पुऱ्यांना मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून नावे मिळाली: मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा.

पाणी त्याला किती कळत होते, याचा दुसरा पुरावा युद्धातला आहे. अहमदनगरजवळचे भातवडी हे निजामशाही काळातल्या तलावाचे गाव. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही अशा जोडफौजा अंगावर आल्या, तेव्हा अंबरने त्या तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, रसद तोडली, रात्रीच्या छाप्यांनी हैराण केले आणि मग घाव घातला. शहाजीराजे या लढाईत होते; त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. पाणी कुठून येते आणि कुठे जाईल, हे ज्याला नेमके कळते तो शहर वसवू शकतो आणि फौज बुडवूही शकतो. चरित्रात ‘सेनापती’ आणि ‘नगररचनाकार’ अशी दोन प्रकरणे पाडली की ही एकच बुद्धी आहे, हे नजरेतून सुटते.

खडकी १६१६ मध्ये जळाली, १६२१ मध्ये मोगलांनी ती पुन्हा उजाड केली आणि दोन्ही वेळा माणसे परत आली. ती का आली, याचे उत्तर कोणत्याही तवारिखेत नाही. जमिनीवरचे वाडे जाळता येतात, जमिनीखालून येणारे पाणी जाळता येत नाही, एवढे मात्र उघड आहे. अंबरच्या मृत्यूनंतर मुलाच्या नावावरून ती फतेहनगर झाली, १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावर औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. प्रत्येक नावामागे त्या त्या काळाचा आग्रह आहे आणि नाव ठेवण्याचा हक्क प्रत्येक काळ बजावतोच. पहिले नाव मात्र कोणाच्याही अभिमानाचे नव्हते. ते जमिनीचे वर्णन होते. संस्थापकाने गावाला स्वतःचे नाव दिले नाही. त्याचे नाव लागले ते पाण्याला.

आज या शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून उपसून आणले जाते आणि ते कित्येक दिवसांच्या खंडाने नळाला येते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. म्हणून नहर पुन्हा सुरू केली की प्रश्न सुटेल, असे भाबडे विधान मी करणार नाही. शहर तेव्हाच्या मानाने कितीतरी पटीने वाढले आहे. पण बांधकामांखाली चिरडलेली, कचऱ्याने बुजलेली तिची तोंडे पाहिली की वाटते, अंबरच्या चरित्राचे सर्वांत विश्वसनीय हस्तलिखित आपण असेच पान-पान करून फाडत आहोत. कागदाला वाळवी लागली तर संशोधक हळहळतात. इथे कागद नाही, म्हणून कोणी हळहळतही नाही.

एकेरीतला ‘तो’

खुलदाबादेत बाहेरगावचा पाहुणा औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची कबर पाहायला येतो. त्याच गावात अंबरची घुमटाची कबर आहे. तिथे सहसा कोणी नसते. तिथून काही किलोमीटरवर वेरूळ, भोसल्यांचे गाव, मालोजीराजांच्या गढीचे. दख्खनच्या सतराव्या शतकातले तीन प्रवाह एका सकाळी पायी हिंडून पाहता येतील इतके जवळ आहेत. आपल्या पुस्तकांत मात्र ते एकमेकांपासून फार लांब राहतात.

जाता जाता एक भाषेची गोष्ट. या संपूर्ण लेखात मी अंबरला ‘तो’ म्हटले आहे. शहाजीराजे ‘ते’, मालोजीराजे ‘ते’, अंबर ‘तो’. मराठी इतिहासलेखनाचा हा रिवाज आहे. एकेरी आणि बहुवचनी उल्लेखांवरून आपण आपला कोण आणि परका कोण, हे नकळत ठरवून टाकतो. लिहिताना मी दोनदा तो बदलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. कारण मराठीतला ‘तो’ दोन प्रकारचा आहे. एक परक्याचा, शत्रूचा. दुसरा अगदी जवळच्याचा. विठोबाला आपण ‘तो’ म्हणतो, घरातल्या थोरल्या भावाला ‘तो’ म्हणतो. सवाल व्याकरणाचा नाही, त्या ‘तो’मागच्या नजरेचा आहे.

परमानंदाची नजर जवळच्याची होती. मलिकंबरी धाऱ्याने वसूल भरणाऱ्या कुळाची आणि नहरीच्या हौदावर घागर टेकवणाऱ्या बाईची तर त्याहून जवळची. चापू नावाचा एक मुलगा समुद्रापलीकडून विकला जाऊन या मुलखात आला, इथलाच झाला, इथल्याच माणसांबरोबर लढला, त्यांच्यासाठी पाणी आणले आणि इथल्याच मातीत गेला. भडकल दरवाजाखाली न येणारे वाक्य हे आहे. ते फार अवघड नाही. पहिल्या नावापाशी न थांबता बोलत राहिले, तर ते येईल.